मेजरच्या पिकअपची उंची

मानसिंग मेजर पहिल्यांदा कुपवाडला आला तेव्हा त्याच्या पिकअपच्या हौद्यात तीन पोती होती आणि तिन्ही पोत्यांत लोखंड होतं. चांदसाहेब मिस्त्रीनं शेडबाहेर येऊन एकेक पोतं जमिनीवर रिकामं केलं. पहिल्यात दोन नवे पाटे निघाले, गाडीचं वजन तोलणाऱ्या स्प्रिंगचे. दुसऱ्यात पाट्याच्या टोकाला लावायच्या लांब शॅकल पट्ट्या होत्या, त्या मेजरनं अंबाल्याच्या एका जुन्या सोबत्याकडून मागवल्या होत्या. तिसऱ्यात दोन लोखंडी ठोकळे होते, तीन-तीन इंच उंचीचे. ते उंब्रजला भाच्याच्या लेथवर करून घेतले होते. काम स्वच्छ होतं. चांदसाहेबानं ठोकळ्यावरून अंगठा फिरवला आणि तो खाली ठेवला.

चांदसाहेब तेव्हा साठीला टेकला होता. त्याचे वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे. गाड्या गेल्या तसा तो ट्रकच्या पाट्यांकडे वळला. कुपवाडच्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत त्याचं पत्र्याचं शेड होतं, आणि बसलेला पाटा भट्टीत घालून पुन्हा कमानीत आणायचा तर सांगली-मिरजेकडचे ड्रायव्हर दुसरीकडे फारसे जात नसत. बोलणं कमी. गिऱ्हाइकानं काय मागितलं यापेक्षा गाडीला काय हवं ते तो आधी बघायचा, आणि त्यामुळं काही गिऱ्हाइकं रागावून जात.

मेजरची अडचण खरी होती. म्हसवडच्या पुढं सात-आठ किलोमीटरवर, माळाच्या टोकाला त्याची वस्ती. अकरा घरं. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आल्यावर त्यानं ही जुनी फोर-बाय-फोर पिकअप घेतली आणि अकरा घरांचं दूध रोज सकाळी म्हसवडच्या डेअरीला पोचवायला लागला. वस्तीखाली ओढा होता. त्याच्या पात्रात एवढाले धोंडे, की गाडीचं पोट घासल्याशिवाय पलीकडे जाणं नाही. ऑइलचं चेंबर दोनदा फुटलं होतं. दुसऱ्या वेळी गाडी ओढ्यातच अडकली, दुपारपर्यंत दूध उन्हात राहिलं आणि नासलं. तेव्हापासून गाडी उंच करायची हे मेजरच्या डोक्यात बसलं होतं.

त्याचा हिशेब तयार होता. पाटा वाढवला की दीड इंच, पट्टीचा एक इंच, ठोकळ्याचे तीन. साडेपाच इंच. एकाच दिवसात सगळं बसवून द्यायचं.

चांदसाहेबानं सांगितलं की यातली कुठलीही एक गोष्ट बसवून देतो, तिन्ही नाही. मेजरला कारण हवं होतं, तेही त्यानं सांगितलं. ठोकळा घातला की एक्सल पाट्यापासून लांब जातो आणि ब्रेक मारताना पिळतो. पट्टी लांबवली की एक्सलचं तोंड फिरतं, मग मधला शाफ्ट वाकड्या कोनात फिरायला लागतो आणि त्याचे जॉइंट जातात. एकेकटं असलं तर गाडी सोसते. सगळं एकावर एक चढवलं तर कोण कधी मान टाकेल ते सांगता येत नाही.

"मिस्त्री, बावीस वर्सं काढल्यात मी आर्मीच्या वर्कशॉपात," मेजर म्हणाला. "लडाखात असल्याच गाड्या चालत्यात."

"चालत असतील. तिथं त्या कारखान्यातनंच तशा येत्यात, मेजर. आपण ही हितं जोडून जोडून करायलोय."

बराच वेळ वाद झाला. शेवटी मागं एकेक पाटा वाढवायचा, पुढं स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याला, टॉर्शन बारला, पीळ देऊन पुढचं तोंड त्याला जुळवायचं, आणि पट्ट्या-ठोकळे पोत्यात परत, असं ठरलं. काम संपेपर्यंत मेजर चांदसाहेबाच्या डोक्यावर उभा होता. हातात घेतलेल्या प्रत्येक वस्तूचा नंबर त्याला तोंडपाठ होता आणि तो सांगत होता. असरच्या नमाजाच्या सुमाराला गाडी दीड इंच उंच होऊन शेडबाहेर पडली. मेजरनं हात जोडले, पण चेहरा उतरलेलाच होता. पोती त्यानं स्वतः उचलून हौद्यात टाकली.

दोन महिने काही कळलं नाही. एप्रिलमध्ये अर्जुना आला. हा आटपाडीकडून डाळिंब भरून आणणारा ड्रायव्हर, चांदसाहेबाचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं चहा पिता पिता सांगितलं की म्हसवडच्या पुढच्या उतारावर दुधाची एक पिकअप उलटली, मागं बसलेल्या माणसाचा पाय दोन जागी मोडला, आणि दिघंचीच्या टपरीवर लोक बोलत होते की गाडीचे पाटे कुपवाडच्या चांद मिस्त्रीनं भरलेत.

चांदसाहेबानं मेजरला फोन लावला. उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तेव्हाही नाही. त्या आठवड्यात एकानं कामाला लावलेला टेम्पो गोड बोलून परत नेला. म्हणाला, भावाचं काहीतरी घाईचं आहे. चांदसाहेब घरी काही बोलला नाही, पण बायकोला, हाजराबीला, कळायचं ते कळलं होतं. तिनं एवढंच सुचवलं की फोनवर माणूस सापडत नसेल तर जाऊन बघावं. तो पिशवीत नट सोडवायचे पाने आणि बॅटरी घालून पहाटेच्या एस.टी.त बसला, विट्याला गाडी बदलली आणि साडेअकराच्या सुमारास म्हसवडला उतरला. पुढं एका मोटारसायकलवाल्यानं ओढ्यापर्यंत सोडलं. ओढा कोरडाच होता. धोंड्यांवर लोखंड घासल्याच्या पांढऱ्या रेघा होत्या.

पिकअप मेजरच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती, डावी बाजू चेपलेली, काच गेलेली. मेजरची आई, चंद्राबाई, दारात शेळीला पाला घालत होती. तिनं ओळख विचारली, चांदसाहेबानं सांगितली. ती क्षणभर थांबली आणि मग आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मेजर मागच्या दारानं आला. दाढी वाढलेली होती. त्याच्या डाव्या भुवईवर टाके होते, बाकी तो धड होता.

काय झालं ते त्यानं फार पाल्हाळ न लावता सांगितलं. सकाळी सातची वेळ. अठरा कॅन भरलेले. मागं आकाराम बसला होता. तो वस्तीवरचाच, रोज कॅन धरून बसायचा आणि डेअरीवर उतरवू लागायचा. खिंडीच्या उतारावर पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्याच्या आधी पुढच्या चाकांतून जळका वास आला. मेजरनं ब्रेक दाबला, तो मऊ लागला. गाडीचं नाक खाली गेलं, मागचा भाग मोकळा सुटल्यासारखा ढकलत राहिला, आणि वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊन चारीत आडवी झाली. आकाराम कॅनांबरोबर खाली आला. सातशे लिटर दूध उतारावरून गेलं.

"मी कुणाला मुद्दाम काय बोललो न्हाई," मेजर म्हणाला. "लोकांनी इचारलं, पाटं कुणी भरलं. नाव सांगितलं."

चांदसाहेब गाडीकडे गेला. त्यानं ताडपत्री बाजूला केली, गाडीखाली पोतं अंथरलं आणि पाठीवर सरकत आत गेला.

पहिल्याच नजरेत त्याला ठोकळे दिसले. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये तीन-तीन इंचांचं, स्वच्छ काम केलेलं लोखंड. टोकांना अंबाल्याच्या लांब पट्ट्या. शाफ्टचा मागचा जॉइंट खुळखुळा झालेला. म्हणजे कुपवाडहून निघाल्यावर मेजरनं उंब्रजला जाऊन उरलेलं सगळं बसवून घेतलं होतं. चांदसाहेबानं खालूनच विचारलं. मेजर बाहेर उकिडवा बसला होता, त्यानं नाकारलं नाही. दीड इंचात ओढा पार होत नव्हता, म्हणाला. भाच्यानं आणि मी मिळून बसवलं.

चांदसाहेबाच्या छातीवरचा धोंडा उतरला. आता बाहेर यायचं, ठोकळ्यांवर बोट ठेवायचं, चार माणसांसमोर मेजरकडून कबूल करून घ्यायचं आणि संध्याकाळची गाडी पकडायची, एवढंच उरलं होतं. तो सरकायला लागला तेव्हा बॅटरीचा उजेड एका बारीक कांडीवर पडला.

पिकअपच्या मागच्या एक्सलपासून ही कांडी वर एका व्हॉल्व्हला जाते. मिस्त्री त्याला लोड व्हॉल्व्ह म्हणतात. हौद्यात वजन पडलं की गाडी खाली बसते, कांडी वर ढकलली जाते, आणि गाडी भरलेली आहे हे व्हॉल्व्हला कळून तो मागच्या ब्रेकला पुरा जोर सोडतो. गाडी रिकामी असली की जोर कमी, नाहीतर मागची चाकं घसटत जातील. गाडी उंच केली की ही कांडी नव्यानं जुळवावी लागते. नाही जुळवली तर टनभर माल भरूनही व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते, आणि थांबवायचा सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडून ते जळायला लागतात.

चांदसाहेबानं कांडीच्या नटावरचा वाळका चिखल नखानं काढला. खाली कारखान्याच्या पिवळ्या रंगाची रेघ होती, नटावरून पट्टीवर गेलेली, कुठंही न तुटलेली. त्या नटाला कधी पाना लागलाच नव्हता. उंब्रजला लागला नव्हता, आणि कुपवाडलाही लागला नव्हता.

तो तसाच पडून राहिला. त्याला तो दिवस आठवला. उंच केलेल्या प्रत्येक पिकअपमध्ये तो वाळूची पोती भरायचा, गाडी बसू द्यायचा आणि मग कांडी जुळवायचा. त्या दिवशी असरची वेळ झाली होती. मेजर डोक्यावर उभा राहून नंबर सांगत होता. पोती भरायला लावली असती तर आणखी अर्धा तास तो माणूस तिथंच राहिला असता, आणि चांदसाहेबाला तो जायला हवा होता. त्यानं कांडीकडे बघितलंच नाही असं नव्हतं. बघितलं होतं, आणि दीड इंचानं काय होतंय, असं मनात म्हटलं होतं.

ते कुणालाही कळणार नव्हतं. पंचनामा करून गेलेल्या पोलिसाला नाही, मेजरला नाही. ठोकळे एवढे मोठे होते की त्यांच्यापुढं दुसरं काही कुणाला दिसलं नसतं. बाहेरून चंद्राबाईचा आवाज आला. मिस्त्रीला उन्हाची भोवळ आली का बघ, असं ती मुलाला सांगत होती. चांदसाहेब बाहेर आला, कपडे झटकले नाहीत, तिथंच चाकाला टेकून बसला.

"ठोकळं तुमचं, मेजर. पण ब्रेकात माझीबी चूक हाय."

मग त्यानं कांडी दाखवली आणि सगळं समजावून सांगितलं, वाळूची पोती, असर आणि मनात काय म्हटलं होतं त्यासकट. मेजर ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं की यात मिस्त्रीचं किती आणि आपलं किती.

"ते येगळं काढता येत न्हाई. माझं दीड, तुमचं चार. व्हॉल्व्हला सगळं मिळून साडेपाच."

शेळी पाल्यासाठी ओरडत होती. मेजरनं काडी घेऊन मातीत काहीतरी आकडे काढले आणि हातानं पुसले.

"तुमी सांगितलं नसतं तर मला कवाच कळलं नसतं," तो म्हणाला.

"वर्कशॉपात हुता न्हवं. कधीतरी कळलं असतं."

मेजरनं घराकडे एकदा बघितलं. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "वर्कशॉपातच हुतो. पण स्टोअरला. बावीस वर्सं पार्ट काढून दिलं. गाडीखाली एकदाबी गेलो न्हाई."

चंद्राबाई दारातच होती. तिनं ऐकलं असावं, कारण ती उठून आत गेली आणि थोड्या वेळानं स्टोव्हचा आवाज आला. चांदसाहेबाला हसू आलं नाही, रागही आला नाही. ह्या माणसाला प्रत्येक पार्टाचा नंबर तोंडपाठ का होता आणि ते एकमेकांना कसे लागतात हे का ठाऊक नव्हतं, याचा उलगडा झाला इतकंच. वस्तीवर त्याला सगळे मेजर म्हणत, कुणाची मोटार बिघडली, कुणाचा पंप बंद पडला की त्याच्याकडे येत. तो नाही कसा म्हणणार?

चहा झाल्यावर दोघं आकारामकडे गेले. ते जायचं चांदसाहेबानं ठरवलं होतं. मेजर दोन आठवड्यांत तिथं दोनदाच गेला होता आणि दोन्ही वेळा उभ्यानंच परत आला होता. आकाराम पडवीत खाटेवर होता, पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरात. त्याची बायको अंगणात भांडी घासत होती, तिनं वळून बघितलं नाही. चांदसाहेबानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मेजरनं ठोकळ्यांचं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

आकारामनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"म्हंजे दोघांनी मिळून मोडलासा."

"व्हय," चांदसाहेब म्हणाला.

आकाराम छताकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं की आता दूध कोण नेतंय. मेजरनं सांगितलं, ज्याचं त्यानं मोटारसायकलवर. दोन घरांनी म्हशी विकायला काढल्यात. आकारामला ते ठाऊक नसावं. त्यानं कुणाकुणाच्या म्हशी ते विचारून घेतलं.

"गाडी नीट करा," तो शेवटी म्हणाला. "माझं जे व्हायचं ते झालं. पण आता उतारावर थांबली पायजे." आणि त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

चांदसाहेब दोन दिवस वस्तीवर राहिला. हाजराबीला फोन करून त्यानं सांगितलं की काम निघालंय. कुणाचं आणि किती, ते घरी आल्यावर सांगेन म्हणाला. त्यानं ठोकळे काढले, पट्ट्या काढल्या, जुन्या पट्ट्या परत घातल्या. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सोडवताना मेजर दुसऱ्या बाजूनं गाडीखाली आला. त्याच्या डोळ्यांत माती गेली, पाना दोनदा निसटून बोटावर बसला, पण तो बाहेर गेला नाही. पाना कुठल्या बाजूला फिरवायचा हे त्याला दोनदा विचारावं लागलं, आणि दोन्ही वेळा त्यानं विचारलं. म्हसवडहून शाफ्टचा जॉइंट आणि पुढचे ब्रेक पॅड आणले. चेपलेली बाजू तशीच राहिली, ती चालण्याच्या आड येत नव्हती. काच पुढच्या आठवड्यात येणार होती.

कांडी जुळवायला वाळूची पोती नव्हती. मग अठरा कॅन आडावर नेऊन पाण्यानं भरले आणि हौद्यात ठेवले. गाडी बसली. चांदसाहेबानं पिवळी रेघ असलेल्या नटाला पाना लावला. तो जरा कुरकुरला आणि सुटला.

आता गाडी पुन्हा दीड इंचावर आली होती आणि ओढ्यातले धोंडे होते तिथंच होते. त्यावर मेजरनं जे सांगितलं ते सांगायला त्याला जड गेलं असावं. गाडी ओढ्याच्या पलीकडेच उभी करायची, म्हणाला. कॅन वस्तीवरच्याच भाऊसोच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ओढ्यापार आणायचे. हे पहिल्या दिवसापासून करता आलं असतं. पण पिकअप प्रत्येकाच्या दारात आली पाहिजे, असं त्यानंच अकरा घरांना सांगितलं होतं. फौजी माणसाची गाडी, अडायची कशी. भाऊसोला विचारलं तेव्हा तो एका शब्दात हो म्हणाला आणि वर म्हणाला की मी हे तुला केव्हाच सुचवणार होतो, पण तू ऐकून घेतलं नसतंस.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ घरांचं दूध आलं. पंधरा कॅन. काचेच्या जागी काही नव्हतं, म्हणून मेजरनं डोळ्यांवर भाच्याचा गॉगल लावला. चांदसाहेब त्याच्या शेजारी बसला. खिंडीच्या उतारावर चांदसाहेबानं त्याला पहिल्या वळणाआधी पूर्ण थांबायला लावलं. गाडी थांबली; पुढं नाक टेकलं नाही, मागची चाकं जमीन धरून उभी राहिली. मेजरनं ब्रेकवरचा पायाचा जोर काही वेळ तसाच धरून ठेवला. दुसऱ्या वळणावर तो सांगायच्या आधीच थांबला. चारीत अजून वाळक्या दुधाचे पांढरे डाग होते आणि एका कॅनचं झाकण पडलेलं होतं. मेजर उतरून ते घेऊन आला आणि त्यानं ते सीटखाली ठेवलं.

डेअरीवर पोचायला उशीर झाला होता, म्हणून तिथला माणूस चार शब्द बोलला. मेजरनं ऐकून घेतले. चांदसाहेबाला त्यानं स्टँडवर सोडलं.

अर्जुनानं पुढच्या फेरीत विचारलं, तेव्हा चांदसाहेबानं त्याला सगळं सांगितलं, स्वतःची चूक वगळली नाही. अर्जुना म्हणाला, ठोकळ्यांपर्यंत सांगायचं आणि गप बसायचं होतं. पण त्यानं ते दिघंचीच्या टपरीपर्यंत जसंच्या तसं पोचवलं. टेम्पो परत नेलेला माणूस पावसाळ्यात पुन्हा आला. तुटलेली दुसरी दोन गिऱ्हाइकं आली नाहीत, त्यांनी मिरजेला मिस्त्री धरला. चांदसाहेबाला ते कळलं आणि त्यानं कामाला हात घातला.

आकाराम दिवाळीच्या आसपास काठी टेकत चालायला लागला. पाय थोडा आखूड राहिला. हौद्यात तो परत बसला नाही. रोज सकाळी तो ओढ्यापर्यंत ट्रॉलीतून येतो आणि पुढं मेजरच्या शेजारी बसतो. कॅन सरकले की त्याला आवाजावरून कळतं, मग तो मेजरला हळू घ्यायला सांगतो, आणि मेजर हळू घेतो.